उनकेश्वरचे पाणी आणि पिएर क्यूरी

आमच्या देवघराच्या कोपऱ्यात पाच लिटरची एक प्लॅस्टिकची कॅन असते. मुळात ती गोडेतेलाची. राखेने घासून, उन्हात वाळवून आजीने तिला शुद्ध करून घेतली, आणि तेव्हापासून तिच्यात उनकेश्वरचे पाणी असते. उनकेश्वर नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या बाजूला, पैनगंगेच्या खोऱ्यात. तेथे जमिनीतून बारा महिने ऊन पाणी येते. शरभंग ऋषींची व्याधी जावी म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी काढले, असे सांगतात. आजीच्या पायांवर इसब आहे. आयुष्यभर रोवण्याच्या दिवसांत ती बांधीतल्या चिखलात उभी राहिली, त्याची ही खूण. वर्षातून एकदा उनकेश्वरी न्हाऊन यायचे, येताना कॅन भरून आणायची आणि ते पाणी पुरवून पुरवून दोन-तीन महिने पायांना लावायचे, हा तिचा नेम.

दोन वर्षांपूर्वी तिच्यासोबत मी गेलो होतो. वडशाहून गाडीने चांदाफोर्ट, पुढे एस.टी. बदलत बदलत. कुंडाच्या काठावर एक वयस्क गृहस्थ अंग पुसत उभे होते. मी कॅन भरतो आहे हे पाहून त्यांनी मला समजावले की या पाण्यात रेडियम असते, त्यानेच गुण येतो, तेव्हा भरपूर भरून न्यावे. मी कला शाखेचा विद्यार्थी. रेडियम म्हटले की मला सायकलच्या मडगार्डावर चिकटवतात ती चमकणारी पट्टी आठवते, आणि दुसरी आठवते ती शाळेतल्या धड्यातली मादाम क्यूरी. परत आल्यावर आमच्या ग्रंथालयात शोधाशोध केली. मादाम क्यूरींवर पुस्तके होती. त्यांचे यजमान त्या पुस्तकांत होते, पण लग्नाच्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या नातेवाइकासारखे. आणि गंमत अशी की उन्या पाण्याच्या झऱ्यांतून काय निघते हे मोजायला बसलेला माणूस नेमका तो कडेचाच होता. त्याची ही हकीकत. पिएरला मी येथे एकेरीत संबोधणार आहे. आजीलाही मी एकेरीच हाक मारतो, म्हणून तिचा मान कमी होत नाही.

पिएर क्यूरीचा जन्म पॅरिसमध्ये १५ मे १८५९ रोजी झाला. वडील यूजेन क्यूरी डॉक्टर होते, मनाने संशोधक आणि विचारांनी प्रजासत्ताकवादी. १८७१ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांत कम्यूनची लढाई पेटली, तेव्हा या डॉक्टरांनी आपले घरच जखमींचा दवाखाना केले. बारा वर्षांचा पिएर आणि त्याचा थोरला भाऊ झाक रस्त्यावरच्या जखमींना उचलून आणायला मदत करीत. हा मुलगा शाळेत कधी गेलाच नाही. त्याची बुद्धी मंद नव्हती, पण ती एका गोष्टीवर बसली की तेथून हलत नसे. तासाला विषय बदलणाऱ्या शाळेत असे मूल मोडून जाईल हे वडिलांनी ओळखले आणि त्याला घरी ठेवले. आई, वडील आणि भाऊ हेच त्याचे मास्तर. चौदाव्या वर्षी गणिताला एक चांगले शिक्षक मिळाले. बाकीचे शिक्षण रानात, झाडे, बेडूक, ओढे पाहत झाले. सोळाव्या वर्षी तो बॅचलर परीक्षा उतरला आणि अठराव्या वर्षी पदार्थविज्ञानाची पदवी त्याच्या हातात होती. पुढच्या वर्षी तो सॉर्बोनच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागला. डॉक्टरेट करण्याइतका पैसा घरात नव्हता. ती त्याने छत्तिसाव्या वर्षी केली, तीही फार घाई नसल्यासारखी.

झाकही खनिजशास्त्राच्या प्रयोगशाळेत होता. १८८० मध्ये या दोघा भावांनी एक अजब गोष्ट शोधली. गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा स्फटिक विशिष्ट दिशेने कापून त्यावर दाब दिला किंवा त्याला ताण दिला, तर त्याच्या दोन बाजूंवर विद्युतभार उमटतो. दाब जितका, भार तितका. आज मनगटी घड्याळात जो क्वार्ट्झ लिहिलेला असतो तो याच शोधाचा वंशज. पण माझ्या गोष्टीसाठी महत्त्वाचे ते पुढचे. या शोधातून पिएरने एक तराजू बनवला. आपल्या आठवडी बाजारात मिरची विकणारी बाई काय करते? एका पारड्यात मिरची, दुसऱ्यात वजन, आणि काटा मधोमध आला की माप झाले. पिएरच्या यंत्रात एका बाजूला हवेतून वाहणारा अतिशय क्षीण विद्युतप्रवाह असे, आणि दुसऱ्या बाजूला क्वार्ट्झच्या पातळ पट्टीला टांगलेले वजन. पट्टी ताणली की तिच्यावर ठाऊक असलेला भार उमटे. दोन्हींचा मेळ बसून काटा शून्यावर राहिला की प्रवाह कळला. काट्याला किती हलला हे विचारायचेच नाही, त्याला स्थिर ठेवायचे. या तराजूवाचून रेडियम सापडले नसते, असे मी धीटपणे म्हणतो.

१८८२ पासून बावीस वर्षे तो पॅरिसच्या एका नगरपालिकेच्या तांत्रिक शाळेत शिकवीत राहिला. पगार कारखान्यातल्या कुशल कामगाराएवढा, स्वतःची अशी खोली नाही. वर्ग आणि जिना यांच्या मधल्या बोळात त्याचे प्रयोग चालत. त्या बोळात त्याने स्फटिकांच्या सममितीवर लिहिले आणि चुंबक तापवले की कुठल्या तापमानाला त्यांचे चुंबकत्व हरपते हे शोधले. त्या तापमानाला आजही क्यूरी तापमान म्हणतात. हे काम मला नीट समजत नाही, त्यामुळे त्याच्याविषयी अधिक लिहीत नाही. बढतीसाठी अर्ज करणे, कुणाच्या ओळखीने वर चढणे याचा त्याला मनापासून कंटाळा होता. सरकारी नोकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना असा माणूस थोडा वेडगळ वाटेल. मला वाटला.

१८९४ मध्ये एका पोलिश प्राध्यापकाच्या बिऱ्हाडी त्याची मारी स्क्लोदोव्स्काशी भेट झाली. ती वॉर्साहून शिकायला आलेली, पोटाला चिमटा घेऊन पदव्या मिळवणारी. तो पस्तिशीचा, लग्नाचा विचार सोडून दिलेला. शिक्षण संपवून ती पोलंडला परत जायला निघाली, तेव्हा या संकोची माणसाने पत्रांमागून पत्रे लिहिली. तिच्यासाठी आपला देश सोडून पोलंडला यायचीसुद्धा त्याची तयारी होती. २६ जुलै १८९५ रोजी दोघांचे लग्न झाले. धर्मविधी नाही, अंगठ्या नाहीत. आहेराच्या पैशातून दोन सायकली घेतल्या आणि त्यांवर बसून दोघे गावोगाव फिरून आले. १८९७ मध्ये थोरली मुलगी इरेन जन्मली. तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच पिएरची आई वारली आणि वडील मुलाकडे राहायला आले. नातीला सांभाळणारे आजोबा घरात नसते तर क्यूरी दांपत्याचे पुढचे काम झाले असते का, हा प्रश्न पुस्तके फारशी विचारीत नाहीत.

त्या काळी आंरी बेकेरेलने युरेनियमच्या क्षारांतून न दिसणारे किरण निघतात हे दाखवले होते. मारीने प्रबंधासाठी तो विषय घेतला आणि मापाला नवऱ्याचा तराजू घेतला. पिचब्लेंड नावाचे खनिज त्यातल्या युरेनियमच्या मानाने फारच जास्त किरण देते, असे आकडे आले. म्हणजे त्यात आणखी काही तरी दडलेले असले पाहिजे. येथे पिएरने आपले स्फटिकांचे काम बाजूला ठेवले, थोड्या दिवसांपुरते म्हणून, आणि तो पत्नीच्या कामात उतरला. स्फटिकांकडे तो फारसा परत गेलाच नाही. जुलै १८९८ मध्ये पोलोनियम आणि डिसेंबरमध्ये रेडियम जाहीर झाले. पण रेडियम डोळ्यांना दाखवायचे तर ते वेगळे काढणे आले. शाळेच्या अंगणात गळक्या छपराचे एक पडके शेड होते. तेथे बोहेमियातल्या योआखिम्सथालच्या खाणीतून आलेला पिचब्लेंडचा टाकाऊ गाळ पोत्यांनी येऊन पडला. टनावारी गाळ उकळून, गाळून, निवळून १९०२ मध्ये चिमूटभर शुद्ध रेडियम क्लोराइड हाती आले. वजन एक दशांश ग्रॅम.

आमच्या वडशात दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची धांदल सुरू होते. मंडईच्या रात्री तीन-चार अंकी नाटके पाहत मी वाढलो. या जोडप्यावर कुणी झाडीपट्टीचे नाटक लिहिले तर ते शेडच्या प्रवेशावर टाळ्या घेईल: अंधार, फळीवर मांडलेल्या बशा आणि त्यांतून येणारा निळसर उजेड, मागे ऑर्गन. हे खरेच घडत असे. रात्री जेवण झाल्यावर दोघे तो उजेड पाहायला शेडमध्ये जात. पण ज्या गोष्टीने मी उनकेश्वरहून त्यांच्यापर्यंत गेलो ती नाटकात दाखवताच येणार नाही. तिला रंग नाही, वास नाही, चव नाही.

रेडियमजवळ ठेवलेली प्रत्येक वस्तू काही वेळ स्वतःही किरण देऊ लागते, हे क्यूरी पतिपत्नींच्या १८९९ मध्येच ध्यानात आले होते. काच असो, कागद असो, पितळ असो. पुढच्या वर्षी रदरफोर्डने थोरियमपासून आणि जर्मनीत डॉर्नने रेडियमपासून एक वायू सुटतो असे दाखवले. तेव्हा त्याला इमॅनेशन म्हणत. आज आपण रेडॉन म्हणतो. पिएर आधी हा वायू आहे असे मानायला तयार नव्हता. वस्तूविना नुसती शक्तीच पसरत असावी अशी त्याची समजूत होती. या वादात रदरफोर्ड बरोबर ठरला आणि पिएरने ते मान्य केले. पण वायू मानण्याआधीच त्याने त्याचे एक लक्षण फार काटेकोरपणे मोजून ठेवले होते. बंद नळीत भरलेल्या इमॅनेशनची शक्ती सुमारे चार दिवसांत निम्मी होते. आणखी चार दिवसांत निम्म्याची निम्मी. नळी तापवा, थंड करा, अंधारात ठेवा, तो हिशेब बदलत नाही. आजचा आकडा ३.८ दिवस आहे.

हा वायू येतो कुठून? खडकांत आणि मातीत युरेनियम थोडेथोडे सगळीकडेच आहे. ते अतिशय सावकाश बदलत बदलत रेडियम होते, आणि रेडियममधून रेडॉन सुटतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून तो वर येतो. ग्रॅनाइटसारख्या खडकाच्या प्रदेशात तो सहसा जास्त, कोकण-देशावरच्या काळ्या पाषाणात कमी. जेथे जमिनीला खोल भेगा आहेत आणि त्यांतून ऊन पाणी वर चढते, तेथे पाणी व इतर वायू त्याला आपल्यासोबत घेऊन येतात. म्हणून उन्या झऱ्यांच्या भोवतालच्या मातीत तो भूगर्भशास्त्रज्ञांना वाटाड्यासारखा उपयोगी पडतो. माती पोखरून त्याचे माप घेतले की भेग कुठे आहे याचा अंदाज येतो.

पाणी ऊन का, याच्या उत्तरातही पिएरचा हात लागला आहे. मार्च १९०३ मध्ये त्याने आल्बेर लाबॉर्द नावाच्या तरुण सहकाऱ्यासह दाखवले की रेडियम सभोवतालच्या हवेपेक्षा नेहमीच थोडे गरम असते. एक ग्रॅम रेडियम तासाला सुमारे शंभर कॅलरी उष्णता देते, म्हणजे स्वतःच्या वजनाहून जास्त बर्फ तासाभरात वितळवते, आणि थकत नाही. लॉर्ड केल्व्हिनने पृथ्वीला निवत चाललेला गोळा समजून तिचे वय काढले होते. तिच्या पोटातच अशी चूल असेल तर तो हिशेब कोलमडतो. पृथ्वीच्या आतून आज जी उष्णता बाहेर येते तिचा जवळपास अर्धा भाग युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या अशा विघटनाचा आहे, असे आता मानतात.

मग १९०४. याच लाबॉर्दला सोबत घेऊन पिएर उन्या झऱ्यांकडे वळला. गावोगावच्या स्नानतीर्थांतून, फ्रान्समधल्या प्लाँबिएर आणि विशीपासून ऑस्ट्रियातल्या गास्टाइनपर्यंत, झऱ्यांतून बुडबुडणारा वायू नळ्यांत भरून पॅरिसला आणला गेला. तो धातूच्या पोकळ नळकांड्यात सोडायचा, विद्युतप्रवाह मोजायचा, आणि ठाऊक वजनाच्या रेडियमपासून मिळालेल्या इमॅनेशनशी ताडून पाहायचा. बहुतेक झऱ्यांच्या वायूंत इमॅनेशन निघाले, कुठे भरपूर, कुठे नाममात्र. युरोपातले वैद्य तेव्हा एका कोड्यात पडलेले होते. झऱ्यावर जाऊन घेतलेल्या पाण्याने रोग्यांना बरे वाटते, तेच पाणी बाटलीत भरून घरी नेले की वाटत नाही, असा अनुभव होता. क्यूरी आणि लाबॉर्द यांनी सुचवले की कदाचित हे इमॅनेशनच त्याचे कारण असेल, कारण बाटलीत ते दिवसागणिक सरत जाते. त्यांनी कदाचित म्हटले, हे लक्षात घ्यावे. पाण्याने रोग बरा होतो असे त्यांनी म्हटलेले नाही. त्यांचे दुसरे टिपण १९०६ सालचे, पिएरच्या मृत्यूच्या वर्षातले.

हे काम आपल्याकडेही पोचले होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले जेझुइट फादर स्टायकेन यांनी पंचमहालातल्या तुव्याच्या उन्या झऱ्यांची किरणशक्ती मोजली आणि ती कशी बदलते यावर १९१६ मध्ये विलायतेच्या शास्त्रीय मासिकात निबंध लिहिला. तुवे तेव्हा मुंबई इलाख्यातच होते.

त्याच १९०४ मध्ये पिएरने दुसरे एक काम केले. ते वाचले आणि मी त्या दिवशी पुस्तक मिटून नदीवर गेलो. बुशार आणि बालताझार या दोन डॉक्टरांबरोबर त्याने उंदीर आणि गिनीपिग इमॅनेशन मिसळलेल्या हवेत ठेवले. काही तासांत त्यांचा श्वास बिघडला आणि ते मेले. चिरून पाहिले तर फुप्फुसे रक्ताने भरलेली. म्हणजे ज्या वर्षी झऱ्यातला हा वायू औषध असू शकेल असे टिपण त्याने लिहिले, त्याच वर्षी हा वायू जीव घेतो हेही त्यानेच लिहिले. दोन्ही टिपणे त्याच अकादमीच्या त्याच कार्यवृत्तात आली. एक लपवून दुसरे पुढे करणे त्याला सोयीचे झाले असते. रेडियमचा बाजार तेव्हा नुकता उघडत होता.

अर्थात तेवढा दाट वायू उनकेश्वरी नसतो, कुठल्याच झऱ्यावर उघड्या हवेत नसतो. घटकाभर न्हाल्याने कुणाची फुप्फुसे बिघडत नाहीत. खरा धोका बंद जागेचा. योआखिम्सथालच्या डोंगरांतच श्नेबर्ग नावाचे खाणगाव आहे. तेथल्या कामगारांना पिढ्यानपिढ्या मारणारा छातीचा रोग म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग आहे, हे १८७९ मध्ये दोघा डॉक्टरांनी दाखवले होते. त्याच्यामागे खाणीतला रेडॉन आहे, हे कळायला पुढचे शतक उजाडावे लागले. थंड देशांत खिडक्या लावून घेतलेल्या घरांत जमिनीच्या भेगांतून तो साचत जातो. तंबाखूच्या धुरानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाची जी मोठी कारणे आहेत त्यांत जागतिक आरोग्य संघटना रेडॉनला वरचे स्थान देते. आमची कौलारू घरे यात बरी; त्यांत वारा एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने जातो, मग थंडीत आजीने कितीही गोधड्या टांगल्या तरी.

स्वतःच्या देहाशी मात्र पिएर फार निष्ठुर वागला. रेडियमने कातडी भाजते असे दोघा जर्मनांनी सांगितले, तेव्हा त्याने रेडियमची पुडी आपल्या दंडाला दहा तास बांधून ठेवली. कातडी लाल झाली, मग जखम झाली, ती भरायला दीड-दोन महिने लागले. रोज जखमेची नोंद त्याने वहीत लिहिली, एखाद्या खडकाविषयी लिहावे तशी. यातूनच रेडियमने कर्करोगाची गाठ जाळण्याचा उपचार निघाला. जून १९०३ मध्ये मारीला डॉक्टरेट मिळाली त्या रात्री लांजव्हाँच्या घरी मेजवानी होती, रदरफोर्डही होता. बागेत अंधार पडल्यावर पिएरने खिशातून एक नळी काढली आणि ती चमकू लागली. त्या उजेडात रदरफोर्डला पिएरची बोटे दिसली, सुजलेली आणि सोललेली. तोवर हाडे इतकी दुखू लागली होती की काही रात्री त्याला झोप येत नसे. घरात याला संधिवात म्हणत. तो थकवा रेडियमचा असेल असे उघडपणे कुणी म्हणत नव्हते, तोही नाही. उंदरांची फुप्फुसे पाहिलेला माणूस हे ओळखू शकला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्याने ओळखले आणि मोजायचे टाळले, असे मला वाटते. त्याच्या सबंध आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याने मोजायची टाळली.

१९०३ च्या नोबेल पारितोषिकासाठी फ्रान्सहून गेलेल्या शिफारशीत बेकेरेल आणि पिएर ही दोनच नावे होती. एका स्वीडिश गणितज्ञाने त्याला हे आधी कळवले. पिएरने उलट लिहिले की रेडियमविषयी बोलायचे तर मारीला वगळता येणार नाही, आणि तिचे नाव आले. लीजन ऑफ ऑनर देऊ केले गेले तेव्हा त्याने कळवले की त्याला पदकाची गरज वाटत नाही, प्रयोगशाळेची फार वाटते. रेडियम काढण्याच्या कृतीचे पेटंट घ्यावे की नाही, यावर एका रविवारी नवराबायकोने घरात बसून विचार केला. पेटंट घेतले असते तर दोन पिढ्यांची ददात मिटली असती. त्यांनी घेतले नाही; अमेरिकेतून विचारणा करणाऱ्या इंजिनिअरांना कृती टपालाने पाठवून दिली.

कृती उघडी राहिली, म्हणून तिचा बाजारही झाला. पिएर गेल्यानंतर रेडियमचे पाणी, रेडियमचा साबण, रेडियमचे मलम निघाले. फ्रान्समध्ये १९३० नंतर चेहऱ्याला लावायचे एक मलम डॉ. आल्फ्रेड क्यूरी या नावावर खपत असे. त्या क्यूरींचा या घराण्याशी काही संबंध नव्हता. अमेरिकेत एबेन बायर्स नावाचा श्रीमंत कारखानदार रेडियमचे पाणी बाटल्यांमागून बाटल्या प्यायला आणि १९३२ मध्ये जबड्याची हाडे झडून मेला. उनकेश्वरच्या काठावरचे ते गृहस्थ ज्या श्रद्धेने रेडियमचे नाव घेत होते, ती इतकी जुनी आहे.

पिएरचीही एक श्रद्धा होती, आणि ती सांगितली नाही तर मी त्याच्याशी अप्रामाणिक होईन. यूजापिया पालादिनो नावाची एक इटालियन बाई मृतात्म्यांशी बोलते, हात न लावता टेबल हलवते, अशी ख्याती होती. १९०५ पासून पिएर तिच्या बैठकांना आपली उपकरणे घेऊन बसला. फसवणूक पकडायला म्हणून गेला आणि शेवटी यात काही तरी खरे आहे असे त्याला वाटू लागले. बाई पुढे अनेकदा लबाडी करताना पकडली गेली. मला हे वाचून बरे वाटले. आमच्या गावात अंगात येणाऱ्या बाईसमोर बसलेल्या लोकांना मी हसतो, तेव्हा आता थोडे कमी हसतो.

सॉर्बोनमध्ये त्याला प्राध्यापकपद मिळाले ते १९०४ मध्ये. त्याच डिसेंबरात धाकटी मुलगी एव्ह झाली. विज्ञान अकादमीने १९०२ मध्ये नाकारून १९०५ मध्ये घेतले. त्याच वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला त्याने नोबेलचे व्याख्यान दिले आणि त्यात विचारले की निसर्गाची ही रहस्ये गुन्हेगारांच्या हाती पडली तर काय होईल. तरीही नव्या ज्ञानाने माणसाचे वाईटापेक्षा भलेच अधिक होईल असे त्याने स्वतःचे मत दिले. आयुष्यभर मागितलेली प्रयोगशाळा मात्र त्याला पाहायला मिळाली नाही.

१९ एप्रिल १९०६, गुरुवार. दुपारी पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. प्राध्यापकांच्या एका संघटनेची सभा आटोपून तो छत्री धरून पायी निघाला. पों नफ पुलाजवळ रू दोफीन हा अरुंद रस्ता ओलांडताना, पुढच्या गाडीमागून तो अचानक बाहेर आला आणि लष्करी गणवेशांनी लादलेल्या दोन घोड्यांच्या जड गाडीसमोर सापडला. पाय घसरला. घोडे आणि पुढची चाके त्याला न चिरडता गेली. मागचे डावे चाक डोक्यावरून गेले. वय सेहेचाळीस. बातमी ऐकल्यावर वडिलांच्या तोंडून एवढेच निघाले की तो पुन्हा कशाच्या तरी विचारात असणार. नोव्हेंबरमध्ये मारी त्याच्या जागी सॉर्बोनमध्ये शिकवायला उभी राहिली. त्याने जेथे विषय सोडला होता त्याच वाक्यापासून तिने सुरुवात केली. हे सर्व पुस्तकांत आहे आणि सुंदर आहे.

१९१० मध्ये ब्रुसेल्सला जगभरच्या शास्त्रज्ञांनी किरणशक्तीचे एकक ठरवले आणि दिवंगत क्यूरीच्या स्मरणार्थ त्याला क्यूरी हे नाव दिले. एक ग्रॅम रेडियमबरोबर समतोलात राहणारे इमॅनेशन म्हणजे एक क्यूरी. अर्थात त्याच्या नावाचे पहिले माप रेडॉनचेच होते. १९७५ मध्ये त्या जागी बेकेरेल आले, पण जुन्या तक्त्यांत क्यूरी अजून भेटतो. १९९५ मध्ये दोघांच्या शवपेट्या सो गावच्या स्मशानातून काढून पॅरिसच्या पाँतेआँमध्ये नेल्या गेल्या.

आता कॅन. रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो, तर महिनाभरात कॅनमध्ये त्याचा सव्वादोनशेवा भागही उरत नाही; शिवाय झाकण उघडले की तो उडून जातो, ते वेगळेच. देवघरात जे आहे ते साधे पाणी, गंधक-क्षार असतील तर तेवढे. आजीचा इसब गेल्या वर्षी बराच कमी झाला. पण त्याच वर्षी वडशाच्या डॉक्टरांनी दिलेले मलमही ती लावत होती, आणि रोवण्याला जाणेही तिने बंद केले होते. तीन गोष्टी एकदम केल्या तर गुण कशाचा हे सांगता येत नाही. पिएरने तिला एका पायाला पाणी आणि दुसऱ्याला मलम लावायला सांगितले असते.

हे तिला सांगावे की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. शेवटी एका संध्याकाळी धान पाखडून झाल्यावर ओसरीवर बसून तिला पिएरची सगळी गोष्ट सांगितली. शेड, उंदीर, दंडाची जखम, गाडीचे चाक. तिने मध्येच थांबवून मुली केवढ्या होत्या ते विचारले. थोरली आठ वर्षांची, धाकटी सव्वा वर्षाची, आणि त्यांना सांभाळायला म्हातारे आजोबा होते, असे मी सांगितले. मग चार दिवसांत निम्मे, हा हिशेब सांगितला आणि कॅनकडे बोट केले. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने काढलेले तात्पर्य माझ्या ध्यानीमनी नव्हते. पाणी जर वाटेतच मरत असेल तर ते आणण्यात काय अर्थ, तेव्हा येत्या चैत्रात कॅन न्यायची नाही. तेथेच धर्मशाळेत आठ दिवस मुक्काम करायचा आणि रोज सकाळी न्हायचे, असे तिने ठरवले. सोबतीला मी आहेच.